आडव्या बाटलीच्या गावातून सहा बाटल्या

८ सप्टेंबर, सोमवार

पार्सल फुटलं!

सकाळी साडेदहाला वाशिम स्टँडवरून फोन. एसटीच्या पार्सल खिडकीवरचा माणूस. "मॅडम, तुमच्या खोक्यातून जांभळा फेस येऊन राह्यला. रस हाय म्हने न हा?" मी म्हणाले, रसच आहे हो, गरमीनं आंबला असेल. तो हसला. "बाई, चाळीस वर्षं झाले, मी बी नाक घेऊनच फिरून राह्यलो."

सहा बाटल्या होत्या. वर्ध्याच्या गिऱ्हाइकाच्या. वर्ध्याच्या! तिथं जिल्हाभर दारूबंदी, हे शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. अन् मी खोक्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं – जांभूळ रस, शुगरवर गुणकारी. बुचं उडाली. शेजारी कोणाच्या तरी लग्नाच्या साड्यांचं गाठोडं होतं, ते पार भिजलं. साड्यावाल्यानं तिथल्या तिथं पोलीस बोलावला.

खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव माझं नाही. नाव आहे – चतुराबाई, अध्यक्ष, रणरागिणी महिला बचत गट. फोन नंबर तेवढा माझा.

अजूनही 'रस' लिहून राह्यली मी. कोणापासून लपवतेस, मंजे? ही वही कोण वाचते? घे, लिही – वाइन. जांभळाची वाइन. बिनापरवान्याची. मोबाइलवर ऑर्डर घेऊन घरपोच.

९ सप्टेंबर

फोन वाजला की आधी नंबर पाहते. दुपारी वाजला तो निकिताचा, पुण्याहून. गटाचं ऑनलाइन पान माझी ही लेकच सांभाळते. "आई, अजून तीन ऑर्डर आल्या!" मी म्हणाले, बंद कर ते पान. "काहून?" फोन ठेवून दिला.

१० सप्टेंबर, बुधवार

झोप नाही. लिहून तरी काढते.

आमच्या गावात नऊ वर्षांपूर्वी बाटली आडवी झाली. अनसिंगपासून वाशिमपर्यंत नाव झालं होतं तेव्हा. देशी दारूचं दुकान शाळेच्या वाटेवर होतं, उदयसिंगचं. पोरी शाळेत जायच्या तर ओट्यावरचे लोक काही बोलायचे. चतुरामावशींच्या नातीनं शाळा सोडली त्यापायी. मावशी उठल्या अन् घरोघर फिरल्या. बायांच्या सह्या गोळा केल्या, अंगठे घेतले, अर्जावर सगळ्यात वर स्वतःची सही. मग सरकारनं बायांचं मतदान घेतलं. कागदावर दोन चित्रं – एक उभी बाटली, एक आडवी. सहाशेच्या वर बायांनी आडवीवर शिक्का मारला. दुकानाला कुलूप! त्याच बायांचा पुढं गट झाला. पापड, लोणची, शेवया. अध्यक्ष अर्थातच चतुरामावशी. सचिव मी – कारण मी बी.ए. झालेली, कागद मला समजतो.

मावशींना वाचता येत नाही. सही येते. पाच अक्षरं, एकेक करवंदाएवढं. दरवेळी विचारणार – "मंजू, काय लिवलं हाय?" मी सांगणार. त्या मान हलवणार अन् जीभ दाताखाली धरून सही करणार.

जूनमध्ये नाल्याकाठची जांभळं गोळा केली. ड्रम भरले. तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कायचं हाय व?"

मी म्हणाले, जांभळाचा रस. टिकावू.

"दारू त नाई न?"

"नाही व मावशी! फळाचंच हाय."

खोटं बोलताना माझी जीभ अडली नाही. हसून बोलले मी. ते हसणं आठवलं की आता तोंडावर पाणी मारावं वाटते.

११ सप्टेंबर

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची पण सोय नाही.

मे महिन्यात वाशिमला जाऊन एक्साइजच्या ऑफिसात विचारून आले होते. तिथला क्लार्क भला माणूस. त्यानं खुर्ची दिली, बोटांवर मोजून सांगितलं. बनवायचा परवाना वेगळा. विकायचा वेगळा. कुरिअरनं, एसटीनं लोकांच्या घरी पाठवायचा परवाना? "थो तुमाले भेटतच नाई बाई. फोनवर ऑर्डर घ्या अन् पाठवून द्या, हे भाजीपाला थोडाच हाय." वर म्हणे, आपल्या राज्यात पिणाऱ्यालाही परवाना लागतो. मी हसले – पिणाऱ्यालेबी? "हो त! अन् वय एकवीस पाह्यजे. तुमी घरबसल्या कोनाचं वय पाहसान?" मग गावाचं नाव विचारलं. ऐकलं अन् पेनच खाली ठेवला. "तुमच्या गावात त बाटली आडवी झाली न?"

घरी येताना बसमध्ये मी स्वतःला समजावलं. कसं समजावलं ते लिहिते, पुढं वाचून मलाच थुंकता यावं म्हणून. मी म्हणाले, दुकान गावात कुठं आहे? दुकान मोबाइलमध्ये आहे. मोबाइलमधल्या दुकानाला कोणती ग्रामपंचायत अन् कोणती बाटली? वा रे बी.ए.!

घरी आले अन् गटाच्या बायांना सांगितलं – लायसन आलं. पापड-लोणच्याचं जुनं फूड लायसन होतं, त्याला फ्रेम करून भिंतीवर लावलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. कोणी वाचलं नाही. मी वाचून दाखवते न सगळ्यांना!

कायले केलं हे? अकोल्याच्या प्रदर्शनात नाशिककडची एक बाई पाहिली होती. तिची वाइन, तिच्या नावाच्या बाटल्या, येणारा-जाणारा तिला मॅडम म्हणे. आमच्या पापडाच्या स्टॉलवर लोक चव पाहून पुढं जात. बस, एवढंच कारण. मला मॅडम व्हायचं होतं. सोमवारी पार्सलवाला मॅडम म्हणाला, झालं समाधान.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आले.

एक्साइजची जीप गटाच्या खोलीपुढं थांबली. दोन साहेब, दोन शिपाई. "चतुराबाई कोण?" मावशी सोयाबीनमधून तशाच आल्या, कमरेला विळा, पायाला चिखल. म्हणाल्या, "मीच हावो." मोठ्या साहेबांनी नीट पाहिलं. "तुम्हीच का हो त्या? आडव्या बाटलीवाल्या? मी तेव्हा नवीन होतो नोकरीत. तुमचा सत्कार पाहिला होता." मावशी हसल्या. अशा हसल्या! त्यांना वाटलं, साहेब पुन्हा कौतुकालाच आले.

मग खोली उघडली. चार ड्रम. त्रेचाळीस बाटल्या. साहेबांनी एक बूच काढलं, वास घेतला, अन् त्यांचा चेहरा बदलला. मावशींकडं पाहायचंच टाळू लागले.

पंचनामा लिहिला. मावशींपुढं धरला. मावशी माझ्याकडं वळल्या – "मंजू, काय लिवलं हाय?"

समोर लिहिलेलं होतं – सदर मद्यसाठा माझ्या ताब्यात व माझ्या देखरेखीखाली मिळून आला. मी वाचलं. मनातल्या मनात दोनदा वाचलं. आणि म्हणाले, "तपासणी झाली म्हणून लिवलं हाय, मावशी."

त्यांनी सही केली. जीभ दाताखाली धरून.

साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांना कळलं की नाही, माहीत नाही. मी पदर सारखा करत राहिले.

१३ सप्टेंबर

मी माणूस नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

गावभर तेच. उदयसिंग पानठेल्यावर मोठ्यानं बोलतो, आम्ही ऐकावं म्हणून – "आमची उभी बाटली आडवी केली, अन् सोताची उभी केली! वा रे रणरागिणी!" लोक हसतात. दुकान गेलं तेव्हापासून गडी संधीच शोधून राह्यला होता.

मावशी संध्याकाळी आल्या. दारातच उभ्या. "मंजू, थो असं काहून बोलून राह्यला व?" मी म्हणाले, जळते तो. रस जरा आंबला, म्हणून केस झाली. सुटेल. मावशींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या अन् गेल्या. चहासुद्धा विचारला नाही मी.

१६ सप्टेंबर

जगदेव वाशिमला वकिलाकडं जाऊन आले. नवरा म्हणून माझ्यासाठी इतकी धावपळ त्यांनी माझ्या बाळंतपणातही केली नव्हती. येताच दार लोटून घेतलं. "आयक. वकील म्हनते, ज्याची सही त्याचा गुन्हा. तुह्या नावाचा एकबी कागद नाई. तू गप राह्य. म्हातारीले कोनी जेलात टाकत नाई."

मी खोटं लिहिणार नाही. ऐकून मला बरं वाटलं. भाकरी दोन जास्त खाल्ल्या! रात्री आठवलं अन् उठून ही वही काढली.

१८ सप्टेंबर

सरवरी आली. तीही आमच्या गटातली. तिचा नवरा अन्सार शिवणकाम करतो, दोघांचं घर मशिदीमागं आहे. ड्रम ढवळायचं काम तिचं होतं. आत नाही आली, ओसरीवरच बोलली.

"मंजू, मी चाखलं व्हतं. दोनदा. गोड झालं का आंबट, पाह्यला. तू म्हने सिरका बनून राह्यला."

मी म्हणाले, माफ कर व. मला वाटलं नव्हतं...

"मी त अल्लाले सांगीन, मले मालूम नव्हतं. तू तुह्या देवाले काय सांगशीन?"

ओरडली असती तर बरं. हळू आवाजात बोलली. ढवळायचं लाकूड घेऊन आली होती, ते भिंतीला टेकवून गेली. आता तिच्या घरी सकाळ-संध्याकाळ नुसतं हात धुणं चालू असेल, असं मला वाटत राहते.

२० सप्टेंबर

नोटीस आली. चतुराबाईंनी शुक्रवारी २६ तारखेला बयानाला हजर राहावं. मी वाचून दाखवली. यावेळी खरी वाचली, फक्त 'आरोपी' शब्द गाळला.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले.

देवीची पहिली ओटी नऊ वर्षं चतुरामावशींच्या हातची. बाटली आडवी झाली त्या साली बायांनीच ठरवलं होतं. आज मावशी हिरवं लुगडं नेसून आल्या, हातात ताट – खण, नारळ, तांदूळ. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "दारूवालीच्या हातची ओटी का व?" कोण म्हणालं ते कळलं नाही, पण कोणी 'गप बस' असंही म्हणालं नाही. पुजारी दुसरीकडं पाहू लागला.

मावशींनी ताट पदराखाली घेतलं. देवीला दुरूनच हात जोडले. निघून गेल्या.

रांगेत मी तिसरी होते. माझ्या हातात नारळ होता. एक पाऊल पुढं टाकायचं होतं, अन् एवढंच म्हणायचं होतं – दारूवाली मी आहे. मी नारळाची शेंडी सोलत राहिले. माझा नंबर आला, मी ओटी भरली, देवीपुढं वाकले. देवीनं माझ्या थोबाडीत मारायला पाहिजे होती. तिनंही काही केलं नाही.

२३ सप्टेंबर

उदयसिंगनं कलेक्टर ऑफिसात अर्ज दिला! जगदेवांनी त्याची झेरॉक्स आणली. लिहिलं आहे – नऊ वर्षांपूर्वी मतदान मागणारा अर्ज चतुराबाईंच्या सहीचा होता. सदर बाई निरक्षर आहे. कोण काय लिहून आणते अन् ती कशावर सही करते, हे तिला कळत नाही, हे वाइनच्या प्रकरणावरून सिद्ध होते. तो अर्ज खोटा ठरवावा अन् मतदान पुन्हा घ्यावं.

म्हणजे दुकान परत. शाळेच्या वाटेवर.

मी चुलीपुढं बसून राहिले. भाजी करपली. जगदेव म्हणाले, "जाऊ दे न, आपल्याले काय करायचं?" पळी फेकून मारली मी. लागली नाही. लागायला हवी होती – मग वाटलं, त्यांना कायले? माझ्याच कपाळात घालायची होती.

२४ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं.

मावशी ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले अन् बोलत सुटले. मे महिन्यातला क्लार्क, फूड लायसनची फ्रेम, मोबाइलमधलं दुकान, वर्धा, पंचनाम्यात खरं काय लिहिलं होतं – सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत. शेंग मोडायची, दाणे सुपात, टरफल बाजूला.

मी संपवलं तेव्हा म्हणाल्या, "पंचनाम्याच्या दिवशी मले वासानंच समजलं व्हतं. पन तू म्हनली तपासनी, म्हनून तपासनी."

मग म्हणाल्या, "तू मले आधी इचारलं असतं, त मी नाई म्हनलं असतं. म्हनूनच नाई इचारलं न?"

मी हो म्हणाले.

"बस."

मी रडायला लागले. म्हणाल्या, "रडू नको व. मूग ओले होतीन." चिडवत होत्या की रागात होत्या, कळलं नाही. दोन्ही असेल.

मी म्हणाले, मी परवा साहेबांना सगळं लिहून देते. मावशींना वाचता येत नाही, मी त्यांना फसवून सह्या घेतल्या, असं लिहिते. तुम्ही सुटाल.

तेव्हा पहिल्यांदा हात थांबले.

"उदयसिंगच्या अर्जात काय लिवलं हाय?"

मी सांगितलं. यावेळी एक शब्द गाळला नाही.

"मंग तुहा कागद अन् त्याचा कागद एकच झाला न?"

मी म्हणाले, पण मावशी, खरं तेच आहे.

त्यांनी सूप पाखडलं. दाणे डब्यात भरले. मग म्हणाल्या, "जाय आता. सांज झाली, दिवा लावाचा हाय मले."

२५ सप्टेंबर

तीन पानं लिहिली. आयुष्यात इतकं खराब अक्षर काढलं नाही मी. सगळं माझं – डोकं माझं, मोबाइल माझा, खोक्यावरचं नाव मी टाकलं. लिहिताना लाज वाटली, पण थोडी मोकळीही झाले. अडले ती एकाच ओळीवर. 'त्यांना वाचता येत नाही.' ती ओळ लिहिली तर मावशी सुटतात अन् दुकान उघडते. नाही लिहिली तर दुकान बंद राहील, अन् साठीतली बाई माझ्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढेल. तीनदा लिहिली, तीनदा खोडली. शेवटी लिहिलीच. खरं ते खरं! निदान एकदा तरी.

जगदेव म्हणतात, वेडी झाली. म्हणोत.

दुपारी मावशींच्या घराला कुलूप होतं. शेजारणीला विचारलं, तर म्हणे सकाळच्याच गाडीनं कुठंतरी गेल्या.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मावशी काल एकट्याच वाशिमला जाऊन बयान देऊन आल्या. आज ऑफिसात साहेबांनी ते आम्हा दोघींपुढं वाचलं – "मले सगळं मालूम व्हतं. मंजू कोनताच कागद वाचून दाखवल्याशिवाय माही सही घेत नाई." मावशी भिंतीकडं पाहत होत्या. नऊ वर्षांत त्या माझ्यासमोर एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या. मी माझी तीन पानं टेबलावर ठेवली. त्याआधी साहेबांचाच पेन मागून ती एक ओळ खोडली. साहेबांनी विचारलं, "खरंच वाचून दाखवत होता?"

मी म्हणाले, "हो साहेब. एक अन् एक अक्षर."